तार उभी कीं आडवी?

जळगांवास आकाशवाणीचें केंद्र १९७६ सालीं झालें, तें मध्यमलहरींवर. ९६३ किलोहर्ट्झची ती लहर सुमारें ३११ मीटर लांब. तिच्यासाठीं उंच मनोराच आकाशतारेचें काम करतो, आणि जमिनीलगत दूरवर टिकावयाची तर ती लहर उभीच असावी लागते. तेथें निवडीस जागा नव्हती. एफ.एम.ची लहर अवघी तीन मीटरांची. तिची आकाशतार दीड मीटरांत भागते. ती उभी बसवावी कीं आडवी हें बसविणाराच्या हातीं असतें, आणि लहान केंद्र कोणास ऐकूं येणार हें बरेंचसें तेथेंच ठरतें.

लहरींतील विद्युत्क्षेत्र ज्या दिशेनें हेलकावे घेतें, ती तिच्या ध्रुवणाची दिशा. उभ्या तारेंतून उभी लहर निघते, आडव्या तारेंतून आडवी. हर्ट्झनें १८८८ सालीं समांतर तारांची जाळी लहरीपुढें धरून हें दाखविलें. जाळीच्या तारा प्रेषक तारेशीं समांतर असल्या कीं लहर अडे; जाळी काटकोनांत फिरविली कीं पार जाई. घेणाऱ्या तारेचेंही तसेंच. उभ्या लहरीपुढें आडवी तार धरली तर हातीं फार थोडें लागतें.

आतां खानदेशांतला श्रोता पाहावा. केळीच्या बागेंत काम करतां करतां जो मोबाइलवर ऐकतो, त्याच्या कानांतून लोंबणारी वायर हीच त्याची आकाशतार, आणि ती उभी. मोटारीची काठीही बहुधा उभीच. घरांतल्या संचाची दांडी मात्र वाटेल तशी वाकविलेली. म्हणून मोठीं केंद्रें लहर फिरती ठेवून दोन्ही दिशा साधतात. परंतु त्यांत प्रत्येक दिशेच्या वाट्यास निम्मीच शक्ति येते. २००६ च्या धोरणानें सामुदायिक रेडिओस १०० वॅट परिणामी शक्ति आणि ३० मीटर उंची एवढीच मर्यादा दिली. अशा केंद्रास ही वाटणी जड जाते. उभी तारच त्याला परवडते.

पण उभ्या तारेस उभा लोखंडी खांब सोसत नाहीं. तो तिच्याशीं समांतर, म्हणजे हर्ट्झच्या जाळींतील एक तारच. खांबांतही प्रवाह सुरू होतो. एका बाजूस जोर वाढतो, दुसरीस तूट पडते. संगणकावर आकाशतारेची प्रतिकृति मांडतात ती हें आधींच कळावें म्हणून. तारेचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकाचा प्रवाह इतरांवर काय परिणाम करतो, याचीं समीकरणें एकदम सोडवितात. १९८१ चा अमेरिकेंतील ‘न्यूमेरिकल इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स कोड’ याच रीतीचा. खांब वगळून गणित केलें तर उत्तर सुबक वर्तुळ येतें. तें कागदावर शोभून दिसतें, इतकेंच. खांबही, निदान त्याचा जवळचा भाग, तुकड्यांनीं मांडलाच पाहिजे.

तार खांबाच्या माथ्यावर चढविली तर प्रश्न पुष्कळ हलका होतो. तें न जमल्यास तूट कोणाकडे जाऊं द्यावयाची हें ठरवावें लागतें. यावल किंवा चोपडें येथें तार खांबाच्या दक्षिणेस पाव लहरीवर, म्हणजे पाऊण मीटरावर, लावली, तर जोर तापीकांठच्या गांवांकडे जाईल. उत्तरेस सातपुडाच आहे, तिकडे कमी पडलें तरी चालेल, असें सहज वाटतें. पण सातपुड्याच्या उतारांवर पावरा लोकांचे पाडे आहेत, आणि ते त्याच बाजूस येतात.