संवादाच्या वर्षाची पंचविशी

परवा नाशिकरोडला एका व्याख्यानात वक्त्यांनी ठणकावून सांगितले, ‘इस्लाम आणि पाश्चात्त्य जग यांच्यात कधी बोलणे झालेच नाही, होणारही नाही.’ टाळ्या पडल्या. एकलहऱ्याला परतताना ते वाक्य मला झोंबत राहिले, कारण २००१ हे साल संयुक्त राष्ट्रांनी संस्कृतींमधल्या संवादाचे वर्ष म्हणून जाहीर केले होते. सुचवणारे होते इराणचे अध्यक्ष महंमद खातमी. ते वर्ष सरायच्या आत, ११ सप्टेंबरला, न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले. त्याला पंचवीस वर्षे होत आली.

त्याआधीचे फार सांगत नाही. १९८८ मध्ये लेखक सलमान रश्दींच्या, पैगंबरांच्या चित्रणावरून वादग्रस्त ठरलेल्या कादंबरीवर भारतात बंदी आली आणि पुढच्या फेब्रुवारीत मुंबईत रश्दीविरोधी मोर्चावर गोळीबार होऊन माणसे मेली. औरंगाबादचे राजकारण केलेल्या रफिक झकेरियांनी मात्र १९९१ मध्ये पैगंबर आणि कुराणावर इंग्रजीत पुस्तक लिहून पुस्तकाला पुस्तकाने उत्तर दिले. १९९३ मध्ये अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ हंटिंग्टनचा ‘संस्कृतींचा संघर्ष’ हा लेख आला. तो न वाचताच आपल्याकडे त्यावर भाषणे सुरू झाली.

माझ्या लक्षात राहिले ते २००१च्या आसपास सुरू झालेले दशक. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या आमच्या वसाहतीतली काही मुले तेव्हा अमेरिकेत होती, काही मस्कत-दुबईला. सेकंड शिफ्ट सुटल्यावर चहाच्या टपरीवर दोन्हीकडच्या बातम्या एकत्र यायच्या. अमेरिकेतल्या मुलाला विमानतळावर तासभर बसवून ठेवले म्हणून त्याचा बाप चिडलेला, तर मस्कतच्या मुलाचा बाप आपल्या अरब शेठच्या सज्जनपणाची गोष्ट सांगणारा. त्या टपरीवर हंटिंग्टन टिकत नसे.

त्या दशकाचा माझ्या लेखी नायक म्हणजे असगर अली इंजिनिअर. खरोखरच इंजिनिअर, मुंबई महापालिकेत वर्षानुवर्षे नोकरी केलेले दाऊदी बोहरा. धर्मगुरूंच्या सत्तेला आव्हान दिले म्हणून बहिष्कार सोसला, मार खाल्ला. २००० मध्ये मुंबई विमानतळावर त्यांच्यावर हल्ला झाला, सांताक्रूझचे घर फोडले. तरी ते थांबले नाहीत. कुराणातून स्त्रीपुरुष समतेचा अर्थ काढायचा, तो मौलवींना ऐकवायचा आणि तेवढ्याच ठामपणे युरोपातल्या सभागृहांत सांगायचे की मुसलमान म्हणजे एकसाची गठ्ठा नव्हे. २००४ मध्ये स्वीडनचा ‘राइट लाइव्हलिहूड’ पुरस्कार स्वामी अग्निवेशांसोबत त्यांना मिळाला. त्यांच्यावर लेख देऊ का, असे मी एका दिवाळी अंकाच्या संपादकांना विचारले, तर उत्तर आले, ‘विषय आपल्या वाचकांचा नाही.’ त्याच अंकात ‘जिहादचे जग’ नावाचा सोळा पानी विभाग होता. हा हिशेब मी अजून मिटवलेला नाही.

पुरोगामी मित्रांनाही सोडत नाही. ईदला शिरखुर्मा खाऊन आले की त्यांचा संवाद पुरा. २००६ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, मालेगावला, शबेबारातच्या दिवशी कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. पकडलेल्या नऊ मुस्लिम तरुणांना २०१६ मध्ये न्यायालयाने दोषमुक्त केले. त्या दहा वर्षांत आमच्यापैकी किती जण मालेगावला गेले? २००७ मध्ये १३८ मुस्लिम विद्वानांनी पोप आणि इतर ख्रिस्ती धर्मगुरूंना जाहीर पत्र लिहून ईश्वरप्रेम आणि शेजारधर्म या समान भूमीवर बोलू या म्हटले. त्याची वाच्यता आपल्याकडे किती झाली? २६/११ नंतर हल्लेखोरांचे दफन आमच्या कब्रस्तानात होणार नाही, असे मुंबईच्या मुस्लिम संस्थांनी बजावले. तेही दोन दिवसांत विसरले गेले.

झकेरिया २००५ मध्ये गेले, इंजिनिअर २०१३ मध्ये. इकडे आमच्या वीज केंद्राचे १४० मेगावॉटचे दोन जुने संच बंद झाले, वसाहत ओस पडत चालली, टपरीवरची बैठक मोडली. आता त्याच मुलांचे बाप व्हॉट्सअॅपवर एकमेकांना फॉरवर्ड पाठवतात. बोलत नाहीत.

बोलणे झालेच नाही, हे वक्त्यांचे म्हणणे खोटे आहे. स्वतःच्या घरात मार खाऊन शेजाऱ्याशी बोलणारी माणसे होती, आपण त्यांना ऐकले नाही. व्याख्यानमालांच्या आयोजकांना एवढीच विनंती: पुढच्या वर्षी मालेगावची एखादी शिक्षिका व्यासपीठावर आणा आणि सत्कार-हारतुऱ्यांचा वेळ कापून प्रश्नोत्तरांना द्या.