केसांची साक्ष

दसरा-दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पाटोदा, धारूर, वडवणी या भागांतील कितीतरी घरांना कुलपे लागतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत सुटका नाही. चैत्र-वैशाखात ही माणसे परततात. या मधल्या महिन्यांत त्यांच्या शरीरात काय शिरले, याची नोंद कोणत्याही वहीत नसते. ती बाईच्या केसांत मात्र सापडू शकते. ती कशी वाचावयाची आणि तिच्यावर किती विसंबावयाचे, हे आपण पाहू.

शरीरातील काही ग्रंथी अत्यल्प प्रमाणात रस रक्तात सोडतात. त्यांना आपण हार्मोन अथवा संप्रेरके म्हणतो. मासिक पाळी, गर्भधारणा, मुलांची वाढ ही सारी त्यांच्या हुकमतीत. हार्मोन ही किल्ली मानली, तर काही रसायने बनावट किल्लीप्रमाणे त्याच कुलपात बसतात, किंवा खऱ्या किल्लीची वाट अडवितात. प्लॅस्टिकच्या उद्योगातील बिस्फेनॉल-ए हे ईस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनची नक्कल करते. डीडीटीचे शरीरात उरणारे रूप पुरुषी हार्मोनला अडविते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातलेले एंडोसल्फान हे कीटकनाशकही याच कुळातले.

यांपैकी बरीच रसायने रक्तातून आणि लघवीतून थोड्याच दिवसांत निघून जातात. केसाचे तसे नाही. त्याच्या मुळाला रक्त पोसते. रक्तात जे असेल त्यातले काही वाढत्या केसात अडकते आणि केसाबरोबर बाहेर येते. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे वैशाखात परतलेल्या बाईच्या केसांतील डोक्यालगतचे सहा सेंटिमीटर हा उसाचा हंगाम, आणि त्यापुढील चार हे गावाकडील कपाशीच्या फवारणीचे दिवस!

ही नुसती कल्पना नव्हे. १९७१-७२ च्या हिवाळ्यात इराकमध्ये पेरणीसाठी आलेल्या, पारायुक्त औषध लावलेल्या धान्याच्या भाकरी लोकांनी खाल्ल्या. सहा हजारांहून अधिक माणसे रुग्णालयांत दाखल झाली व ४५९ दगावली. त्या वेळी केसाचे तुकडे तपासून, कोणत्या महिन्यात किती पारा पोटात गेला, हे शास्त्रज्ञांनी ठरविले.

तपासणीसाठी डोक्याच्या मागील बाजूचे थोडे केस कातडीलगत कापतात व मुळाकडील टोकाला दोरा बांधतात. प्रयोगशाळेत ते धुऊन, बारीक करून द्रावणात भिजवितात आणि यंत्राने रसायने वेगळी करून मोजतात. हे मोजमाप अब्ज भागांत एक भाग इतके सूक्ष्म असते.

परंतु साक्षीदाराची उलटतपासणी हवीच. तेल, कलप, फवाऱ्याचे तुषार बाहेरून केसावर बसतात. धुऊनही ते पूर्णपणे जातातच असे नाही. बिस्फेनॉलसाठी लघवीच अधिक भरवशाची. शिवाय अमुक आकड्यापुढे रोग, अशी सर्वमान्य रेषा बहुतेक रसायनांसाठी आखलेली नाही. म्हणून एकट्या बाईचा आकडा फारसे सांगत नाही. तोडीला गेलेल्या पन्नास जणी आणि त्याच गावात राहिलेल्या पन्नास जणी यांची तुलना मात्र पुष्कळ सांगू शकेल.

ही तुलना बीडमध्ये का हवी? २०१९ साली जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतील १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. याचे खापर रसायनांवर फोडण्याचा आमचा हेतू नाही. खाड्याचा दंड, पाण्याची व आडोशाची वाण, अंगावर काढलेले दुखणे आणि कर्करोगाची दाखविलेली भीती ही कारणे त्या बायकांनीच सांगितली आहेत. पण पिशवीबरोबर अंडाशयही काढले, तर हार्मोनचा मुख्य झरा एका दिवसात आटतो आणि हाडे लवकर झिजू लागतात. पोटात का दुखते, अंगावर का जाते, याचा शोध आधी झाला पाहिजे. त्या शोधात साधी तपासणी, सोनोग्राफी यांच्या जोडीला केसांची साक्षही काढावी. आणि निघालेला निष्कर्ष त्या बाईला तिच्या बोलीत समजावून सांगावा.

कापलेला केस पुन्हा वाढतो. काढलेली पिशवी पुन्हा येत नाही. जे परत येते, त्याला आधी विचारावे, एवढेच आमचे सांगणे आहे.