आखाजी, वार्षिक परीक्षा आणि पांडेसऱ्यातली पहिली इयत्ता

चैत्र सरत आला की पांडेसऱ्यातल्या मराठी शाळेच्या शिक्षकाला दोन तारखा शेजारी शेजारी मांडून पाहाव्या लागतात. एक वार्षिक परीक्षेची, दुसरी आखाजीची. परीक्षेची तारीख गांधीनगरहून येते आणि आखाजीची पंचांगातून, तेव्हा दोघींचा मेळ बसण्याचे काही कारण नाही. २०२३ साली आखाजी २२ एप्रिलला होती, २०२४ साली १० मेला, २०२५ साली ३० एप्रिलला. ज्या वर्षी ती परीक्षेच्या तोंडावर येते, त्या वर्षी उधना स्थानकावर भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते आणि आमच्या वर्गात बाक रिकामे दिसू लागतात. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर या पट्ट्यातल्या वाचकांना हे सांगण्याचे कारण एवढेच की, ती पोरे त्या वेळी तुमच्याच ओट्यावर येऊन बसलेली असतात.

पांडेसरा ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. सुरतेच्या दक्षिण अंगाला, उधन्याच्या पुढे ही औद्योगिक वसाहत आहे. कापड रंगवण्याच्या आणि छापण्याच्या गिरण्या, त्यांची धुरांडी आणि त्यांना लागून वडोद, बमरोली, भेस्तानपर्यंत गेलेल्या खोल्यांच्या ओळी. इथे ओडिया माणूस आहे, उत्तर प्रदेश-बिहारचा आहे आणि आपला खानदेशीही आहे. पुरुष बारा तासांच्या पाळीत, बाई घरी बसून साडीला लेस लावते नाहीतर धागे कापते. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानावर गुजराती आणि पुस्तकात प्रमाण मराठी. सहा वर्षांचे पोर या चार भाषांतून रोज ये-जा करते आणि त्याचे त्याला काही वाटत नाही.

सुरत महापालिकेची प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीखेरीज हिंदी, मराठी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा चालवते. मराठी माध्यमाची पुस्तके गुजरातचे पाठ्यपुस्तक मंडळच छापते. बेळगाव-निपाणीकडच्या आमच्या बांधवांना हे ऐकून नवल वाटते. तिकडे मराठी शाळेसाठी आणि मराठी कागदासाठी सीमावासीयांनी पिढ्यान् पिढ्या मोर्चे काढले आणि महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावाही लावला. इकडे शाळा आहे, पुस्तक आहे, गुरुजी आहेत, दुपारचे जेवण आहे. तरीही मराठी वर्गाचा पट वर्षागणिक उतरतो. यात कोणा सरकारवर खापर फोडून मोकळे होता येत नाही, म्हणून हा विषय समितीच्या बैठकीत आला की सगळे थोडे अवघडून बसतात. त्या अवघडलेल्यांत आम्हीही असतो. त्याचे कारण पुढे येईलच.

पट नेमका कुठे गळतो, हे आम्ही इतकी वर्षे पाहत आलो आहोत. तो एप्रिलअखेर ते जूनअखेर या दोन महिन्यांत गळतो.

परीक्षेच्या आठवड्यात बाप शाळेच्या दारात उभा राहतो. हातात पिशवी, पाळी सुटल्यावर थेट आलेला. "गुरुजी, आखाजी शे ना!" एवढेच म्हणतो. यापुढे काही सांगावे लागत नाही. लग्न होऊन गेलेली बहीण माहेरी येणार, गौराई बसणार, झाडाला झोका बांधणार, घागर भरणार, आमरस-पुरणपोळी होणार. सालदाराचे साल आखाजीला संपते आणि आखाजीलाच नवे सुरू होते. त्यामुळे गावातला देण्याघेण्याचा हिशेबही त्याच दिवशी असतो. वर लग्नसराई. अशा माणसाला "गणिताचा पेपर राहिला आहे" असे सांगताना आमचीच जीभ अडखळते. आमच्याही घरी बहीण येते.

पूर्वी शिक्षक अशा वेळी सोडून देत. आता तसे करून चालत नाही. केंद्राने २०१९ साली शिक्षण हक्क कायद्यात बदल करून पाचवी आणि आठवीत पुन्हा परीक्षा घेण्याची व त्यातही न उतरल्यास त्याच वर्गात बसवण्याची मुभा राज्यांना दिली. ही फेरपरीक्षा निकालानंतर दोन महिन्यांच्या आत होते, म्हणजे नेमकी पोर गावी असण्याच्या दिवसांत. तेव्हा पाचवी-आठवीचे पोर असेल तर आईबापांनी निकाल हाती घेतल्याशिवाय गाव गाठू नये. आणि गाठलेच असेल, तर गावातल्या शिकलेल्या माणसाने शाळेत फोन करून विचारावे.

पण आमची खरी काळजी पेपरची नाही, जूनची आहे.

गुजरातच्या शाळा महाराष्ट्राच्या आधी उघडतात. २०२३ साली त्या ५ जूनला उघडल्या, २०२४ साली १३ जूनला, २०२५ साली ९ जूनला. खानदेशातल्या शाळा त्या वर्षांत १५-१६ जूनच्या सुमारास भरल्या. आता गावातल्या आजीआजोबांच्या डोक्यात कोणती तारीख असणार? आपल्या गावची. चुलत भावंडे अजून विहिरीवर पोहत आहेत, शाळेला कुलूप आहे, मग सुरतेच्या पोरानेच काय घोडे मारले आहे? "राहू द्या अजून आठ दिवस." आठाचे पंधरा होतात, मग पाऊस पडतो, पेरणी निघते आणि दोन हात मदतीला हवेच असतात. तोवर इकडे प्रवेशोत्सव होऊन गेलेला असतो, पहिलीचा वर्ग बसलेला असतो आणि आम्ही हजेरीपटावर रोज तीच नावे पुकारून शेजारी गैरहजेरीची खूण करत असतो.

वाचक म्हणतील, चार दिवस उशीर झाला म्हणून काय बिघडले? पोराचे चार धडे बुडतात, ते आम्ही भरून काढू. कायद्यानेही उशिरा आलेल्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. पण वर्गाचे काय? प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक, असे २००९ चा कायदा सांगतो. महाराष्ट्रात ज्याला संचमान्यता म्हणतात, त्याला इकडे महेकम म्हणतात. नाव वेगळे, हिशेब तोच. मुले कमी दिसली की शिक्षक कमी होतो. शिक्षक कमी झाला की दोन इयत्ता एका खोलीत बसतात. दोन इयत्ता एका खोलीत बसलेल्या पाहिल्या की उरलेले पालक शेजारच्या हिंदी माध्यमात नाहीतर खाजगी इंग्रजीत चौकशी करायला लागतात. पुढच्या जूनला पहिलीत आणखी थोडी मुले कमी. गुजरातने २०२३-२४ पासून पहिलीसाठी १ जूनला सहा वर्षे पूर्ण असण्याचा नियम लावला, तेव्हा लहान मुले बालवाटिकेत गेली आणि त्या वर्षी पहिलीचे बाक भरता भरता आमचा घाम निघाला.

एक मुलगी आठवते. चौथीत होती, अक्षर सुंदर. मावशीच्या लग्नाला दोंडाईच्याकडे गेली आणि आजी आजारी पडली म्हणून तिकडेच राहिली. गावच्या गुरुजींनी तिला वर्गात बसू दिले, पण दाखला मागितला नाही. आम्ही तो पाठवला नाही. खरे सांगायचे तर, तो न पाठवण्यात आमचा थोडा स्वार्थ होता. तिचे नाव आमच्या पटावर होते आणि पटावर एकेक नाव मोलाचे होते. "येईल दिवाळीनंतर," असे म्हणत आम्ही वर्ष काढले. ती इकडे कागदावर होती आणि तिकडे बाकावर. वर्ष संपले तेव्हा दोन्हीकडे तिचा निकाल नव्हता. पुढच्या वर्षी आईबापांनी तिला पांडेसऱ्याला आणले, पण शाळेत आणले नाही. एकदा तिच्या गल्लीतून जाताना ती दारात साडीचे धागे कापत बसलेली दिसली. आम्हाला पाहून उठून उभी राहिली, वर्गात उठत असे तशी. तेव्हापासून आम्ही ठरवले आहे की, पोर गावी राहणार असेल तर त्याच दिवशी दाखला लिहून द्यायचा. इकडे त्याला एलसी म्हणतात. पट गेला तरी चालेल.

दाखल्याच्या बाबतीत कायदा पालकांच्या बाजूचा आहे. मुख्याध्यापकाने तो मागताच द्यायचा असतो आणि तो यायला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंना हाच कायदा लागू आहे. तेव्हा गावातल्या मंडळींनी दोनपैकी एक काहीतरी ठरवावे. पोर राहणार असेल तर दाखला मागवा आणि गावच्या शाळेत रीतसर घाला. तेही मराठीच आहे, आमची तक्रार नाही. परत येणार असेल तर गुजरातच्या तारखेला पाठवा.

"पण गुरुजी, गुजरातेत राहून मराठी शिकून करायचे काय?" हा प्रश्न आम्हाला दर उन्हाळ्यात निदान वीस दारांत ऐकावा लागतो. तो चुकीचा नाही. प्राथमिक शाळा जितक्या जवळ आहेत, तितका पुढचा मराठी वर्ग जवळ नाही, हे खरे आहे. नोकरीला गुजराती लागते, हेही खरे. आमचे उत्तर असे की, गुजराती शिकायचीच आहे. गुजरातने २०२३ साली कायदा करून पहिली ते आठवी सर्व माध्यमांच्या शाळांत गुजराती सक्तीची केली. ज्या राज्याची भाकरी खायची त्याची भाषा यावी, यात आम्हाला काही वावगे वाटत नाही. साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर इतके उत्तम गुजराती लिहीत की गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटले, आणि त्यांचे मूळ घराणे सावंतवाडीजवळच्या कालेलीचे. मराठी आलेला माणूस गुजरातीत मागे पडतो, हे खोटे आहे. उलट घरची भाषा धड वाचता येत नाही तो दुसरी कशी वाचणार?

गंमती होतात, त्या होऊ द्याव्यात. गुजराती लिपीला शिरोरेषा नाही. तिसरी-चौथीची मुले गुजराती शिकू लागली की मराठीच्या वहीतही वरची रेघ ओढायची विसरतात आणि सगळा निबंध उघड्या डोक्याने येतो. गुजरातीतला पाचाचा आकडा आपल्या 'प' अक्षरासारखा दिसतो. त्यामुळे गणिताच्या वहीत मधूनच 'प' डोकावतो. गुजरातीत रिकामा बसलेल्याला 'नवरो' म्हणतात. एका मुलाने निबंधात लिहिले होते, 'माझे बाबा रविवारी नवरे असतात.' आम्ही ते खोडले नाही.

आता आमच्या अवघडण्याचे कारण. आमचा मोठा मुलगा मराठी शाळेत शिकला. धाकट्याला आम्ही इंग्रजी माध्यमात घातले. घरच्यांचा आग्रह, शेजाऱ्यांचे बोलणे, ही सगळी कारणे सांगता येतील. पण सही आमची होती. समितीत ठराव मांडायला उभे राहिलो की कोणीतरी हळूच विचारतेच, "तुमचा धाकटा कुठे शिकला, गुरुजी?" त्यावर उत्तर नाही. म्हणून आम्ही कोणाच्या दारात जाऊन भाषेच्या अभिमानावर व्याख्यान देत नाही. पोराचा वर्ग, शिक्षक, शाळा उघडण्याची तारीख एवढेच बोलतो. अभिमानाचे भाषण ऐकून कोणी पोर शाळेत घातल्याचे आम्ही पाहिलेही नाही. १९५६ च्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर आली. सोय राज्य करील. पोर पाठवायचे काम आपले.

सुरत रिकामी होणे आम्हाला नवे नाही. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने लोक मिळेल त्या गाडीने पळाले. २०२० साली टाळेबंदीत गिरण्या थांबल्या आणि तेच झाले. त्या दोन्ही वेळी कोण परतले, कोण नाही याची चौकशी सगळ्यांनी केली. दर मे महिन्यात निम्मी गल्ली कुलूप लावून जाते, त्याची चौकशी कोणी करत नाही, कारण ती सुट्टी असते.

तर आमच्या या सुट्टीचा बेत असा. निकाल लागला की पहिले आठ दिवस पांडेसऱ्यात घरोघर. संध्याकाळच्या पाळीआधी आणि सकाळची पाळी सुटल्यावर, कारण दुपारी दार वाजवले तर रात्रपाळीचा माणूस झोपलेला असतो आणि त्याला उठवून पोराची जन्मतारीख विचारणे बरे नाही. पाच वर्षे पूर्ण झालेल्यांची यादी बालवाटिकेसाठी, सहावाल्यांची पहिलीसाठी. त्यानंतर समितीतले आम्ही तिघे तुमच्याकडे येणार आहोत. खिशात प्रत्येक इयत्तेची यादी असेल. मुलाचे नाव, गाव आणि पुढे दोन रकाने: 'परत येणार' आणि 'दाखला हवा'. यादीच्या डोक्यावर शाळा उघडण्याची तारीख मोठ्या अक्षरात असेल. ती घरातल्या भिंतीवर कॅलेंडरशेजारी चिकटवावी, एवढीच विनंती.

आणखी एक काम आजीआजोबांकडे आहे. पहिलीसाठी आम्ही एक छोटी वही तयार करत आहोत. एका बाजूला घरचा अहिराणी शब्द, दुसऱ्या बाजूला पुस्तकातला मराठी. 'अंडोर' म्हटल्यावर पोराला 'मुलगा' कळावा आणि 'मुलगी' वाचताना 'अंडेर' आठवावी. आमचे शब्द शहरात राहून बोथट झाले आहेत. शेतातले, स्वयंपाकातले, गुराढोरांचे शब्द तुमच्याकडे आहेत. ते सांगावेत, आम्ही लिहून घेऊ.

नवापूरला आम्ही सकाळच्या गाडीने उतरू. त्या फलाटाचा एक तुकडा गुजरातेत आणि दुसरा महाराष्ट्रात आहे, हे तुम्हाला आम्ही काय सांगावे. तिथून चिंचपाडा, खांडबारा, नंदुरबार आणि शेवटी अमळनेर. खांडबाऱ्याच्या एका आजोबांनी निरोप पाठवला आहे की, नातू विहिरीवर नाही, घरीच बसवून ठेवतो, गुरुजींनी जेवायला यावे. आमरस असेल तर दोन मुक्काम करू.