अल्पाका आणि दख्खनी मेंढी : लोकरीतला फरक

• अल्पाका : उंटाच्या कुळातला, अँडीज पर्वतातला पाळीव प्राणी. प्रकार दोन : वाकाया, सुरी. कातरणी साधारणतः वर्षातून एकदा. लोकरीत मेणचट लॅनोलिन जवळजवळ नसते.

• दख्खनी मेंढी : देहूरोड परिसरात दिसते ती ही. लोकर भरड, बहुधा काळी. कातरणी वर्षातून दोनदा. घोंगडी हिच्याच लोकरीची : हाताने कातलेले सूत, चिंचोक्याची खळ, खड्डामाग. मेंढ्या धनगरांच्या, विणकर बहुधा सनगर.

• या मेंढ्या कुठे, केव्हा दिसतात : दिवाळीनंतर धनगरांचे वाडे (कळपांसह फिरणारे तांडे) पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांतून मावळ-कोकणाकडे निघतात. मोकळ्या शेतात मुक्काम. शेतकरी खतासाठी मेंढ्या बसवून घेतो. जवळ जाण्याआधी मेंढपाळाला हाक द्यावी. कुत्री राखणीची असतात!