जुन्या ट्रकचा सेल्फ

जुन्या ट्रकचा सेल्फ (इंजिन चालू करणारी विजेची मोटर) गेला, की मालकाला पहिला सल्ला मिळतो तो नवा आणून बसवण्याचा. पण अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या खाऱ्या हवेत पंचवीस-तीस वर्षं राबलेल्या गाडीला हा सल्ला पुरत नाही. तिच्यासाठी बदली सेल्फ शोधताना सगळ्यात मोलाची वस्तू असते ती म्हणजे तिचाच बंद पडलेला सेल्फ. तो भंगारात गेला, की पुढचा सगळा शोध अंदाजावर चालतो.

लांब पल्ला न झेपणारी गाडी गावाकडे येते आणि जवळच्या फेऱ्यांवर लागते. रेवदंडा, मुरूड, दिघीची मासळी, बंदरावर जाणारा बर्फ, जांभ्याचा चिरा, श्रावणाच्या आगेमागे पेणहून निघणाऱ्या गणेशमूर्ती, असं सगळं ती वाहते. या फेऱ्या आखूड असतात आणि इंजिन दिवसातून कितीतरी वेळा बंद-चालू होतं. हमरस्त्यावरच्या ट्रकच्या मानाने इथल्या ट्रकचा सेल्फ जास्त झिजतो तो यामुळे. त्यात मासळीच्या गाडीतून बर्फाचं खारट पाणी चासीवर ठिबकत राहतं. सेल्फ असतो इंजिनच्या खालच्या अंगाला, फ्लायव्हीलच्या बाजूला. जुलै २०२१ मध्ये महाडला पूर आला, तशा पुरात गाडी उभी राहिली तर केबिनआधी गाळ शिरतो तो इथे.

सेल्फ लागत नसेल तर धक्का मारा, असं सहज म्हटलं जातं. भरलेल्या ट्रकला ते लागू नाही. उतारावर गाडी लावून ठेवायची ड्रायव्हर लोकांची जुनी युक्ती कार्लेखिंडीसारख्या चढावर चालेल, आक्षी-नागाव-चौलच्या सपाट रस्त्यावर उतार आणायचा कुठून? शिवाय हवेचे ब्रेक असलेल्या गाडीत रात्रभरात टाकीतली हवा उतरली, तर इंजिन चालू होऊन कॉम्प्रेसर हवा भरेपर्यंत ब्रेकचा भरवसा नसतो. स्प्रिंगचे ब्रेक असतील तर हवेशिवाय ते सुटतच नाहीत. ते नसतील, तर उतारावरून सोडलेली अशी गाडी माणसं मारू शकते. म्हणून सेल्फ हा सोयीचा नव्हे, सुरक्षिततेचा भाग मानला पाहिजे.

मोटारीला विजेवर चालू करणारं हे यंत्र अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने बनवलं आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत ते बसलं. त्याआधी पुढे उभं राहून हँडल मारावं लागे, आणि इंजिनने उलटा हिसका दिला तर मनगट मोडे. डिझेल इंजिनात तर हवा मूळच्या सतराव्या हिश्श्याइतकी दाबावी लागते. सहा सिलिंडरचं असं इंजिन माणसाच्या हाताने फिरवणं जवळपास अशक्यच.

चावी फिरवली की आधी थोडा करंट सोलेनॉइडला जातो. त्यातला लोखंडी दांडा आत ओढला जातो आणि फाट्याने बेंडिक्सचं पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये अडकवतो. त्याच हालचालीच्या शेवटी तांब्याची चकती दोन जाड बोल्टांवर टेकते आणि बॅटरीचा खरा करंट, शेकडो अँपिअर, मोटरमध्ये धावतो. पिनियनला दहाच्या आसपास दात, रिंगला शंभरावर. म्हणजे फ्लायव्हीलच्या एका फेऱ्यासाठी मोटरला दहाहून अधिक फेरे घ्यावे लागतात. इंजिन पेटलं की बेंडिक्समधला एकेरी क्लच पिनियन मोकळं सोडतो, नाहीतर इंजिनच मोटरला भन्नाट फिरवून आर्मेचर, म्हणजे तिचा फिरणारा गाभा, फोडून टाकेल. काही सेकंदांत एवढं सगळं होतं, आणि एवढ्या करंटने मोटर तापते. म्हणूनच सेल्फ एका दमात दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये थांबून त्याला थंड होऊ द्यावं.

आता शोधाकडे. आरसी बुकातलं मॉडेल सांगून सेल्फ मिळेल, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. ती का फसते, हे टाटांच्या गाड्यांवरून कळतं. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ साली जर्मन डाइमलर-बेन्झशी पंधरा वर्षांचा करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. १९६९ नंतर तेच ट्रक टाटा नावाने येऊ लागले, आणि इंजिनं पुढे बदलत गेली. इंजिनाचा आकडा बोलका असतो: ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, ९२ मिलिमीटर व्यास, ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर, ४९७ म्हणजे त्याच व्यासाचे चार. पण तीस वर्षांत किती गाड्यांची इंजिनं बदलली, फ्लायव्हीलच्या रिंगा बदलल्या, बारा व्होल्टच्या गाडीला चोवीसचं वायरिंग झालं, हे कागदावर कुठेच नसतं. बुकात एक गाडी, बॉनेटखाली दुसरी.

म्हणून जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन मॉडेल विचारत बसत नाही. जुना सेल्फ बाकावर ठेवतो, नावपट्टीवरची काजळी पुसतो आणि व्होल्ट, फिरण्याची दिशा, पार्ट नंबर वाचतो. पट्टी गंजून गेली असेल तर पिनियनचे दात मोजतो, फ्लँजच्या बोल्टांमधलं अंतर घेतो, आणि फ्लँजपासून थांबलेल्या पिनियनपर्यंतची खोली मापतो. बहुतेक जण विसरतात ते हे शेवटचं माप. पिनियन दोन मिलिमीटर मागे राहिलं तर दात अर्धेच अडकतात आणि रिंग खरवडली जाते. पुढे आलं तर चालत्या इंजिनावर घासतं. मग सेल्फ नवा असूनही गिअरबॉक्स उतरवून रिंग बदलायची वेळ येते, आणि तो खर्च सेल्फपेक्षा भारी पडतो.

जास्त चालणाऱ्या गाड्यांचे सेल्फ पेण-अलिबागच्या दुकानांत मिळतात, लुकास-टीव्हीएसचे आणि इतरही. तिथे नसेल तर वडखळवरून पनवेल, कळंबोलीचं ट्रक टर्मिनल, पुढे कुर्ल्याच्या सीएसटी रोडचा जुन्या मालाचा बाजार, नाहीतर घाट चढून पुण्याची नाना पेठ. बऱ्याच ठिकाणी जुना जमा करून दुरुस्त केलेला देतात. इथेच सावध राहावं. जमा केलेल्या सेल्फचं ओतीव घर अस्सल असतं, आणि बदल्यात येतो त्याच्या आत तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची कॉइल असू शकते. उघडून दाखवा म्हणायला लाजू नये.

माझं मत स्पष्ट आहे: घर फुटलेलं नसेल आणि आर्मेचर जळालेलं नसेल, तर जुनाच दुरुस्त करावा. चांगला मिस्त्री ते कसं करतो, हे शेजारी बसून पाहण्यासारखं असतं. आर्मेचर ग्रोलर या चुंबकी तपासणी-यंत्रावर ठेवून वर हॅक्सॉची पाती धरायची. पाती थरथरली, की तिथे आतून शॉर्ट. कॉम्युटेटर लेथवर हलकासा टर्न करायचा आणि तांब्याच्या पट्ट्यांमधला माइका खाली खरवडायचा, नाहीतर नवे कार्बन ब्रश वर उचलले जाऊन ठिणग्या पडतात. कांस्याचे बुश तेलात भिजत टाकायचे, कारण त्यांच्या सूक्ष्म छिद्रांत मुरलेलं तेल हेच त्यांचं पुढचं वंगण. फिल्ड कॉइलच्या तांब्याच्या पट्टीवर सुती फीत गुंडाळून वार्निश द्यायचं आणि भट्टीत सुकवायचं. किनाऱ्यावर हे वार्निश कंजूषपणे लावलं, तर एका पावसाळ्यात ओल आत जाते.

आता हलके, आत गिअर असलेले नवे सेल्फ येतात. ते कमी करंट घेतात आणि इंजिन लवकर फिरवतात. अशक्त बॅटरीवर चालणाऱ्या गाडीला ते उपयोगी आहेत, पण बिघडले तर तालुक्याच्या गॅरेजात त्यांचं फारसं काही करता येत नाही. दुसरीकडे, २०२१ च्या वाहनं मोडीत काढण्याच्या धोरणानंतर जुने ट्रक कापले जातील तसे काही काळ जुने सेल्फ बाजारात भरपूर येतील आणि मग आटतील. ज्याला आपली गाडी आणखी दहा वर्षं चालवायची आहे, त्याने जुळणारा एक सुटा सेल्फ आत्ताच घेऊन ग्रीस लावून कोरड्या जागी ठेवावा.

आणि सेल्फ काढण्याआधी एक तपासणी करावीच. नुसता ‘टक’ आवाज येत असेल, तर बऱ्याचदा दोष सेल्फचा नसतोच. इंजिनपासून चासीला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीखाली खाऱ्या हवेने हिरवा थर चढलेला असतो. गाडी न्यूट्रलला घ्यावी, हँडब्रेक ओढावा, सेल्फ मारून लगेच केबलच्या टोकांना हात लावून पाहावा. जिथे टोक तापलं, तिथे करंट अडतो आहे. ते टोक सोडवून पॉलिश पेपरने चकचकीत घासावं, घट्ट आवळावं, वर व्हॅसलीन लावावं. त्यानंतरही इंजिन फिरलं नाही, तरच पान्याचा मोर्चा सेल्फच्या बोल्टांकडे वळवावा.