उशिरा पोचणारी दुरुस्ती : नियंत्रणशास्त्राचा मागोवा

एखाद्या प्रणालीचे प्रत्यक्ष वर्तन मोजणे, ते अपेक्षित वर्तनाशी ताडून पाहणे आणि दोहोंत जो फरक आढळेल त्यानुसार त्या प्रणालीला पुन्हा चालना देणे, याला फीडबॅक नियंत्रण म्हणतात. या शास्त्राच्या सव्वादोनशेहून अधिक वर्षांच्या वाटचालीची हकीकत बहुधा यंत्रांची आणि संशोधकांची नामावळी म्हणून सांगितली जाते; ती अस्थिरतेची हकीकत म्हणून वाचली तर अधिक खरी ठरते, कारण नियंत्रक जसजसा अचूक होत गेला तसतशी त्याच्या हाताखालची यंत्रणा डोलू लागली, आणि या डोलण्याचे कारण शोधताना शास्त्राचा मोठा भाग घडला.

जेम्स वॉटने 1788 मध्ये वाफेच्या इंजिनाला जोडलेला गव्हर्नर ही त्याची स्वतःची मूळ कल्पना नव्हती. पिठाच्या गिरण्यांत जात्यांच्या तळ्यांमधील अंतर सांभाळण्यासाठी फिरत्या गोळ्यांची तशीच रचना आधीपासून वापरात होती. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात, त्यांना जोडलेला दांडा वाफेची झडप मिटवी आणि वेग उतरे. या रचनेत एक उणीव मुळातच होती. इंजिनावर भार वाढला तर झडप अधिक उघडी राहण्यासाठी गोळे थोडे खाली असणे भाग होते, म्हणून वेगही ठरलेल्या आकड्याच्या किंचित खालीच स्थिरावे. ही उणीव आणि ओबडधोबड सांध्यांतले घर्षण या दोहोंमुळेच जुनी इंजिने शांत चालत होती, हे मात्र बराच काळ कोणाच्या ध्यानात आले नाही. एकोणिसाव्या शतकात घडाई सुधारली, घर्षण घटले, आणि चांगल्या गव्हर्नरांची इंजिने वेगाच्या वरखाली झोके घेऊ लागली. कारागिरांनी त्याला ‘हंटिंग’ हे नाव दिले. दुर्बीण ताऱ्यामागे एकसारख्या गतीने फिरवू पाहणाऱ्या जॉर्ज एअरी या राजखगोलशास्त्रज्ञालाही हाच अनुभव आला आणि 1840 मध्ये त्याने अशा गतीचे गणित मांडले.

जेम्स क्लार्क मॅक्सवेलचा गव्हर्नरांवरील 1868 चा निबंध या साऱ्या विषयाचा कणा आहे, आणि त्याचे महत्त्व केवळ त्यातील गणितापुरते नाही. मॅक्सवेलने नियंत्रकांचे दोन वर्ग केले: ज्यांची दुरुस्ती चुकीच्या प्रमाणात असते आणि म्हणून थोडी चूक शिल्लक राहतेच, ते ‘मॉडरेटर’, आणि ज्यांची दुरुस्ती चूक पूर्ण नाहीशी होईपर्यंत साठत जाते, ते खरे ‘गव्हर्नर’. आजच्या भाषेत पहिले प्रमाणानुसारी नियंत्रण, तर दुसरे समाकलनावर, म्हणजे कालांतराने साठलेल्या चुकीच्या बेरजेवर, चालणारे नियंत्रण होय. प्रणालीची गती अवकल समीकरणाने मांडली, तर विचलन विरून जाईल की वाढत जाईल हे त्यातून निघणाऱ्या बैजिक समीकरणाच्या मुळांवर ठरते, आणि सर्व मुळांचा वास्तव भाग ऋण असेल तरच प्रणाली स्थिर राहते, हे त्याने दाखवले. तिसऱ्या घातापर्यंतच्या समीकरणासाठी त्याला अट सांगता आली, त्यापुढचा सर्वसाधारण प्रश्न त्याने गणितज्ञांवर सोपवला. तो एडवर्ड राउथने 1877 मध्ये सोडवला. झुरिचच्या ऑरेल स्टोडोलाला टर्बाइनच्या नियंत्रणात हीच अडचण आली तेव्हा अ‍ॅडॉल्फ हुर्विट्झने 1895 मध्ये त्याच निष्कर्षाला वेगळ्या वाटेने गाठले. दरम्यान रशियात विश्नेग्रादस्कीने घर्षणावाचून आणि त्या ‘उणिवे’वाचून गव्हर्नर स्थिर राहू शकत नाही, असे स्पष्टच बजावले होते, तर ल्यापुनोव्हने 1892 च्या प्रबंधात समीकरण न सोडवता स्थैर्य पारखण्याची अशी रीत दिली की तिचे खरे मोल पुढच्या शतकात कळले.

विसाव्या शतकात निकोलस मिनोर्स्कीने 1922 मध्ये जहाजाच्या सुकाणूचा विचार करताना अनुभवी सुकाणूवाला काय करतो हे पाहिले: तो दिशेच्या चुकीकडेच नव्हे, तर ती किती वेगाने बदलते आहे आणि किती साठली आहे याकडेही लक्ष देतो. यातून तीन पदांचा, आज ‘पीआयडी’ म्हणून ओळखला जाणारा नियंत्रक आकाराला आला. टेलिफोनच्या लांब तारांवरील विकृती कमी करण्यासाठी हॅरल्ड ब्लॅकने 1927 मध्ये ऋण फीडबॅकचा प्रवर्धक कल्पिला. तो कधी स्वतःच शिट्टी घालू लागतो, याचा निकष हॅरी नायक्विस्टने 1932 मध्ये दिला. सारांश एवढाच की दुरुस्तीचा संकेत फेरा पूर्ण करून परत येताना अर्ध्या आवर्तनाइतका मागे पडला आणि तरीही क्षीण झालेला नसला, तर जे चूक मिटवायला निघाले होते तेच चूक पोसू लागते.

इमारतींचे नियंत्रण या गणितापासून बराच काळ दूर राहिले. विस्कॉन्सिनमधील शिक्षक वॉरन जॉन्सन याच्या 1883 च्या साधनाने खोलीतले तापमान बदलताच तळघरातल्या भट्टीवाल्याला घंटा देऊन कळवण्याचेच काम केले. फेऱ्यातला एक दुवा अजून माणूसच होता. पुढच्या थर्मोस्टॅटांत मात्र एक लक्षवेधी युक्ती आली. तापमान दर्शवणाऱ्या पट्टीशेजारी एक इवलासा तापक बसवला जाई; भट्टी चालू असताना तो पट्टीला किंचित आधीच तापवी, आणि खोली पुरती ऊबदार होण्यापूर्वीच भट्टी बंद होई. भट्टी बंद झाल्यावरही रेडिएटरमधली उष्णता खोलीत येतच राहते, या उशिराची भरपाई कारागिरांनी कोणतेही समीकरण न लिहिता साधली होती. मोठ्या इमारतींतले दाबहवेवर चालणारे नियंत्रक मॅक्सवेलच्या अर्थाने मॉडरेटर होते: खोली ठरलेल्या तापमानापासून अंशभर दूर राही, पण यंत्रणा डोलत नसे.

1973 च्या तेलसंकटानंतर हा अंशभर फरकही महाग वाटू लागला, आणि 1980 च्या दशकात संगणकीय नियंत्रक इमारतींत शिरले, तेव्हा चूक शून्यावर आणणारे समाकलन-पद एका आज्ञेने जोडता येऊ लागले. वॉटच्या वारसदारांनी घर्षण घालवून जे ओढवून घेतले होते, तेच आता पाणी गार करणाऱ्या चिलरच्या आणि हवा गार करून खेळवणाऱ्या एअर हँडलिंग युनिटच्या खोल्यांत घडले. गार पाण्याच्या कॉइलचा स्वभाव पाहिला तर कारण उमगते: व्हॉल्व्ह पहिल्या थोड्याशा उघडण्यातच बरीचशी थंडी देतो आणि नंतरच्या फिरकीने फारच थोडी भर पडते. मे महिन्याच्या भर उन्हात, व्हॉल्व्ह बहुतेक उघडा असताना, बसवलेले नियंत्रकाचे गुणांक, म्हणजे चुकीला किती जोराने उत्तर द्यायचे हे ठरवणारे आकडे, डिसेंबरात व्हॉल्व्ह जेमतेम किलकिला असताना कितीतरी आक्रमक ठरतात. हवा नळीतून सेन्सरपर्यंत पोचेस्तोवर व्हॉल्व्ह गरजेपेक्षा पुढे गेलेला असतो, मग मागे फिरतो, आणि हे दिवसभर चालते. टेलर या उपकरण बनवणाऱ्या कंपनीतील झिगलर आणि निकोल्स यांची 1942 ची रीत, म्हणजे प्रणालीला मुद्दाम सतत डोलवून त्या डोलण्यावरून गुणांक ठरवणे, येथे लागू करणे अवघड जाते, कारण एकेक झोका कित्येक मिनिटांचा असतो आणि तोवर ऊन व माणसांची गर्दी बदलून जाते. खोलीत बसणाऱ्याला यातले बहुधा काहीच जाणवत नाही; जाड भिंती झोके गिळतात, आणि नुकसान वीजबिलात व व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या, झिजलेल्या अ‍ॅक्च्युएटरमध्ये जमा होते. अशी लपलेली अस्थिरता जाहीर अस्थिरतेपेक्षा जास्त काळ टिकते.

तेल शुद्धीकरणातून 1970 च्या दशकात आलेले प्रतिमानाधारित भाकीत नियंत्रण, ज्यात इमारतीचे गणिती प्रतिमान आणि हवामानाचा अंदाज हाताशी धरून पुढच्या काही तासांची आखणी दर वेळी नव्याने केली जाते, या शतकात इमारतींवर आजमावले जाऊ लागले. स्वित्झर्लंडमधील ‘ऑप्टिकंट्रोल’ प्रकल्प 2007 पासून याच दिशेने काम करत होता. भारतात त्याच वर्षी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली आणि 2020 पासून खोलीच्या वातानुकूलकांचे मूळ (डीफॉल्ट) तापमान 24 अंशांवर ठेवणे उत्पादकांना बंधनकारक झाले. मात्र अनेक इमारती एकत्र हाताळू लागले की डोलण्याचा जुना प्रश्न पुन्हा समोर येतो: विजेच्या मागणीचा कळस टाळण्यासाठी हजारो इमारतींना एकाच वेळी थांबण्याचा संकेत दिला, तर मुदत संपताच तापलेल्या खोल्यांचे कॉम्प्रेसर एकदमच सुरू होतात आणि टाळलेला कळस थोड्या वेळाने पुन्हा उभा राहतो. म्हणून अशा योजनांत इमारतींना परतीच्या वेळा मुद्दाम मागेपुढे करून द्याव्या लागतात.