जाळ्यावर कर की जाळ्याची भरपाई?

मागच्या भागात वनखात्याच्या अंदाजपत्रकाकडे पाहिलं. आज जरा आडवाटेनं जाऊ. ज्याच्या हातात शिकारीचं साधन, त्याच्याच खिशातून वन्यजीवांसाठी पैसा काढता येतो का?

अमेरिकेनं काढला. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं बंदुका-काडतुसांवरचा कर सरकारच्या सामाईक तिजोरीत न जाता राज्यांच्या वन्यजीव विभागांकडे वळवला. आज रायफल, शॉटगन आणि काडतुसांवर तो ११ टक्के आहे. खरी मेख मात्र एका अटीत आहे. शिकार परवान्याची फी भलतीकडे खर्च करणाऱ्या राज्याला यातला छदामही मिळत नाही. १९५०मध्ये गळ आणि रिळांसाठी असाच कायदा आला, १९८४मध्ये मोटरबोटींच्या इंधनावरचा करही त्यात जोडला गेला.

आता रत्नागिरीत या. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हौसेची शिकार बंद. बंदुका आहेत, पण त्या शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या, रानडुकरांनी भातशेतीची नासधूस करू नये म्हणून घेतलेल्या. त्यांच्या काडतुसांवरचा जीएसटी सरकारच्या संचित निधीत जातो आणि तिथे गेलेल्या रुपयाला रानाचा पत्ता विचारायची सोय नाही.

तरीही या जिल्ह्यात शिकारीचं एक साधन रोज पाण्यात पडतं, ते म्हणजे जाळं. मिरकरवाड्याच्या किंवा हर्णैच्या ट्रॉलरला मासळी हवी असते. ऑलिव्ह रिडले कासव किंवा व्हेल शार्क अडकतो तो नको असताना. जाळं कापलं तर तांडेलाचं नुकसान, न कापलं तर जनावर मरणार. म्हणून डिसेंबर २०१८मध्ये राज्याच्या कांदळवन कक्षानं आणि मत्स्यव्यवसाय विभागानं योजना आणली: जाळं कापून संरक्षित प्राणी सोडलात, त्याचा छायाचित्रासह पुरावा दिलात, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. म्हणजे अमेरिकेत साधनावर कर, इथे फाटलेल्या साधनाचे पैसे. इंधनाचंही तसंच: तिकडे बोटीच्या इंधनाचा कर माशांसाठी, आपल्याकडे मच्छीमारांना डिझेलवरच्या विक्रीकराचा परतावा.

हे मला चुकीचं वाटत नाही. तिकडचा गळ बहुतांशी सुट्टीतल्या छंदाचा, इथलं जाळं चुलीचं. छंदावर कर बसवता येतो. चुलीवर बसवला तर समुद्रात कासव सोडताना कोणी फोटो काढणार नाही, गुपचूप बाजूला टाकेल. हौशी मासेमारीचे महागडे रॉड आणि रीळ मात्र वेगळे. त्यांच्यावर थोडा कर लावायला हरकत नसावी, पण त्याआधी त्या पैशाला स्वतंत्र खातं हवं.

तसं खातं उघडण्याची पद्धत आपल्याकडे नाही असं नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २००६च्या दुरुस्तीनंतर व्याघ्र प्रकल्पांना स्वतःचं प्रतिष्ठान काढता येतं आणि पर्यटकांच्या प्रवेशशुल्काचा पैसा तिथेच ठेवता येतो. याच जिल्ह्यातल्या वेळासला तर कासवं पाहायला येणारे गावातल्या घरांत उतरतात, जेवतात. तो पैसा कुठल्याच तिजोरीत न जाता गावात राहतो. त्याचं गणित पुढच्या आठवड्यात.